वीणाला रायफल मिळू नये म्हणून

मी, मालिनी त्र्यंबक शेजवळ, वय एकसष्ट, राहणार डब्लिन, ओहायो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मत्सराच्या दडपणाबद्दल कायदा काही विचारत नाही. ज्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो, त्याच दिवशी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नवरा म्हणतो, "मी यंदा सीझन कॅन्सल केलाय." त्याला शिकार शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने, वीणा दाभाडेने, केलेला नाही, म्हणून ही घाई.

१. घर आणि बचत त्र्यंबकला, त्याच्यानंतर मुलगी नीनाला.

२. पाटल्या आणि मोहनमाळ नीनाला. माळ एकदा मीच वीणाला घालायला दिली होती. "काय सुरेख दिसते," असं त्र्यंबक म्हणाला होता. माळ की बाई, हे मी विचारलं नाही.

३. माझी रायफल. मी साडी घेत असताना गाडीत बसून राहणारा माझा नवरा, स्वतःची पहिली रायफल घ्यायला वीणाबरोबर शनिवारमागून शनिवार हिंडला. "डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, आता उघड. स्कोप आपोआप डोळ्यासमोर आला पाहिजे," असं ती त्याचं कोपर धरून शिकवायची. मी तिथेच उभी होते. त्याच आठवड्यात मी शिकारीच्या कोर्सला नाव घातलं.

तिच्या रायफलवरच्या दुर्बिणीतून, म्हणजे स्कोपमधून, नऊपट मोठं दिसतं, म्हणून मी चोवीसपटीचा घेतला. आमच्या झाडीत हरीण येतं ते अंगणाच्या टोकाएवढ्या अंतरावर. मला नुसते तपकिरी केस दिसले. पाठ कुठली, पाय कुठला, कळेपर्यंत हरीण निघून गेलं.

"मालिनी, एवढा झूम कशाला घेतलास यार? गोचिडी मोजायच्या होत्या का?" वीणा म्हणाली, आणि त्र्यंबक हसला. तो हसला नसता तर हे कलम दोन ओळींत संपलं असतं.

मग मी साधा स्कोप बसवला, खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता माझ्या हाताच्या मापाने कापून घेतला आणि पुढच्या सीझनला एका गोळीत हरीण पाडलं. खिमा मीच केला. वीणाने दोनदा वाढून घेतला.

नीना म्हणते, "आई, आय डोन्ट वॉन्ट अ गन इन माय हाउस." तेव्हा तिने माझी रायफल, पहिल्यांदाच रायफल घेणाऱ्या एखाद्या ठेंगण्या बाईला विकावी. वीणाला नाही. तिचा हात माझ्याएवढाच आहे, दस्ता तिला नेमका बसेल. म्हणूनच नाही.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून वीणाला मुद्दाम साक्षीदार केलं आहे. ती म्हणाली, "अगं, मी कधी काही मागितलं का?" तेच तर दुखतं. ती मागत नाही, तिला मिळतं.

५. ओकच्या झाडावरचं आम्हा नवराबायकोचं मचाण. त्र्यंबकने शिकार सोडू नये. त्याने एकट्याने रानात जाऊ नये, म्हणून वीणाने बरोबर जावं, पण बसावं दुसऱ्या झाडावर. मचाणावरची त्याच्या डावीकडची जागा मी कोणाच्याही नावे करत नाही. ऑपरेशन नीट झालं तर पुढच्या सीझनला ती मला लागणार आहे.

डब्लिन, ओहायो
२३ नोव्हेंबर २०२४

सही: मालिनी त्र्यंबक शेजवळ

साक्षीदार:
सुवर्णा पाठक, शेजारीण
वीणा दाभाडे. वाचून सही केली. दुसरं झाड मान्य.