धरलं?

सोमवार, ८ नोव्हेंबर १९७६, संध्याकाळी सव्वासात. स्टोव्हवर कॉफी ठेवून ही हिशेबाची वही उघडली. ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या जुन्या पुलाचा मी आजपासून पहारेकरी. मालगाडीच्या वाघिणी या पुलावरून तराफ्यावर चढत आणि बंदरापलीकडे जात. आता रूळ गंजले आहेत, तराफा नाही. वसंतात सगळे मोडीत जाईल. तोवर लोखंड चोरीला जाऊ द्यायचे नाही. माझी खोली पाण्याकडच्या टोकाला, मनोऱ्याखाली. दुपारी बहीण नील्सा भात-घेवडा घेऊन आली. राजवाडा झकास आहे, राणी कुठाय, असे तिनेच विचारले आणि पळाली असणार, असे तिनेच सांगितले. उत्तर द्यायची तिला फार घाई.

मंगळवार. ॲक्सेल नावाचा नॉर्वेजियन म्हातारा आला. पूर्वी तो इथेच कामाला होता. तराफा लागला की त्यावरून हाक यायची, 'धरलं?' पुलावरच्याने तराफा पुलाला जखडणारे दोन्ही लोखंडी अडसर बसवून 'धरलं' म्हणायचे. मग तराफ्यावरून 'सोड' ऐकेपर्यंत त्याने पूल सोडायचा नाही, घरात मयत झाली तरी. पाळी बदलताना दुसऱ्याने 'धरलं' म्हटले तरच पहिला मोकळा. मी विचारले, आता कोण हाक मारणार? तो म्हणाला, मारलीच तर बहिरा हो, पोरा. आम्ही हसलो. त्याने सिगारेट दिली.

गुरुवार. दाट धुके. भर दुपारी पाण्यावरून हाक आली. ॲक्सेल टिंगल करतोय असे वाटून मीही 'धरलं' म्हणालो. गंजलेले अडसर आपोआप खाली बसले.

शुक्रवार. जमिनीकडच्या गेटाकडे चालू लागतो, फळ्या उतरत्या होतात आणि समोर पुन्हा पाणी. रुळांवरून काहीतरी जड जाते. दिसत नाही. पूल खचतो आहे. उंबऱ्याला पाणी लागले. मीच 'सोड' म्हणून पाहिले— उपयोग नाही.

शनिवार. नील्सा गेटाशी. येऊ नकोस म्हणून ओरडलो— तिला ऐकू गेले नाही. साखळी ओलांडून पुलावर आली, हातात जेवण.

अडसर वर उचलले गेले. धुक्यातून तिला हाक आली, 'धरलं?' माझ्याच आवाजात. ती म्हणणारच होती, हो, धरलंय जेवण, तू बाहेर ये— तिच्या आधी मी ओरडलो, 'धरलं.'

अडसर बसले. तिला वाटले, मी चिडवतोय. मग उपाशी मर, म्हणाली. परत गेली. बरे झाले.

पाणी गुडघ्यापर्यंत. खर्च: काही नाही. देणे: नील्साचे सात डॉलर. तिचा सोमवारचा डबा, धुऊन ठेवला आहे. ॲक्सेलची एक सिगारेट. येणे: एक 'सो—