आतल्या बाजूच्या बिजागऱ्या

गेल्या मंगळवारी माझ्या मुलाने मला संडासात कोंडले आणि दाराखालच्या फटीतून घर त्याच्या नावावर करणारे बक्षीसपत्र आत सरकवले. म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले. एरवी मला मरायची घाई नव्हती.

मी खाली सही करणारी, नळसामानाच्या दुकानाची मालकीण, विधवा, विज्ञानाची पदवीधर, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. ज्या डॉक्टरीणबाईंनी मुलाच्या मनगटाला प्लॅस्टर घातले, त्यांनीच मला तपासून तसा दाखला दिला आहे. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण कसे असते ते मला ठाऊक आहे.

१. राहते घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर घेतले होते. माझ्या यजमानांना आणि मुलाला, दोघांनाही ते कायम खुपले. हे घर मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही, त्याच्या काकांना नाही, कोणाच्या समजूतदारपणावर सोडूनही देत नाही.

कारण लिहिते. माझे यजमान चिडले की मला संडासात ढकलून बाहेरून कडी घालत. दार तेव्हा बाहेर उघडायचे, बिजागऱ्या बाहेर. आतून करण्यासारखे काही नव्हते. एकदा त्यांनी पान्याने माझा दात पाडला आणि मग कोंडले. फ्लशच्या टाकीतल्या पाण्याने मी चूळ भरली. ते गेल्यावर मी पहिले काम केले ते सुतारकाकांना बोलावण्याचे. बाहेरची कडी उपटली, दार आत उघडेल असे फिरवून बसवून घेतले. काका म्हणाले, "वहिनी, जागा अडेल." मी म्हटले, "अडू द्या."

मुलगा त्या दाराने रोज येजा करत मोठा झाला, पण बिजागऱ्या कुठे आहेत ते त्याने कधी पाहिले नाही. गेल्या महिन्यात मांजर आत शिरते म्हणून त्याने बाहेरून नवी कडी बसवली. मंगळवारी फ्लशचे पाणी थांबेना म्हणून मी पाना घेऊन आत गेले, तर मागून कडी वाजली.

"आई, सही कर, लगेच उघडतो. नाहीतर बस. पाणी आहे, सगळी सोय आहे."

"तुझ्या बापाला हे जास्त चांगलं जमायचं," मी म्हटले.

सून कडी काढायला धावली. त्याने तिचे केस धरून डोके दारावर आपटले. पुन्हा आपटले. मी दाराला कान लावून होते. तो आवाज माझ्या कानातच झाला.

मग मी पाण्याचा कॉक बंद केला, टाकीत तरंगणाऱ्या बॉलची पितळी दांडी काढली, ती बिजागरीच्या पिनेखाली धरली आणि पान्याने ठोकली. तिन्ही पिना निघाल्यावर दार बिजागरीच्या बाजूने आत ओढले. तो हात उगारून समोर आला. मी टाकीचे चिनीमातीचे झाकण त्या हातावर घातले. झाकण फुटले, मनगटही.

धाकटे दीर येऊन म्हणाले, "पोटच्या पोराचा हात मोडलास? आई आहेस की कोण?"

"दोन्ही समोर होते, भावोजी. एकच मोडला."

२. दुकान, त्यातला माल आणि माझी बचत सुनेची. दुकान चालवताना एवढे ध्यानात ठेव, बाळ: फ्लश वाहत राहिला तर आधी बॉल वर उचलून बघ. पाणी थांबले तर बॉल खाली बसलाय. नाही थांबले तर वायसर गेलाय. गिऱ्हाइकाला उगाच नवी टाकी विकू नकोस. आणि कडी अडकली तर तिच्याशी झटू नकोस. दार खाली बसलेले असते. दार उचलून धर, कडी आपोआप सरकते.

३. या घरात कोणत्याही दाराला बाहेरून कडी नको. आता घराबाहेर राहणारा मुलगा पाया पडत आला तरी त्याला घरात घ्यायचे की नाही हे फक्त सून ठरवेल. दिरांनी मध्यस्थी करू नये. माझ्या वेळीही त्यांनीच "घरातली गोष्ट घरात" म्हटले होते.

४. मुलाला ती नवी कडी, स्क्रूंसकट. मी स्वतः उपटली आहे.

५. सुतारकाकांना यजमानांचा रंधा द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. काका म्हणाले, "मग सही दुसऱ्याची घ्या." नंतर सुनेच्या कपाळावरचे टाके बघितले आणि पेन घेतले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार.
सही: घरमालकीण
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), सुतारकाका (सही)

आज हाती दिलेल्या वस्तू:
घराच्या आणि दुकानाच्या किल्ल्या: सुनेला.
कडी: मुलाने घेतली नाही. काकांनी ती त्याच्या भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली.
पाना आणि वाकलेली पितळी दांडी: सुनेला.
बिजागरीच्या तीन पिना: सुनेला. तिने त्या स्वतः ठोकून बसवल्या. मग पाना-दांडी घेऊन संडासात गेली, दार लावले आणि म्हणाली, "आई, बाहेरून घट्ट धरा. मी म्हटलं तरी सोडू नका." मी आणि काकांनी धरले. ती तिन्ही पिना काढून बाहेर आली.