वरच्या बटणाची खूण

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, की बाबा, या रविवारी खारूला संग्रहालयात का नेलं नाहीत, आणि मी गुडघ्याचं कारण पुढे केलं. माझा गुडघा ठणठणीत आहे. ज्याने चाळीस वर्षं पायमशीन मारलं त्याचा गुडघा इतक्यात दगा देत नाही. मग तू म्हणालीस, की पोरगी आठवडाभर गप्प गप्प आहे, विचारलं की नुसती मान हलवते, शाळेत कुणी काही बोललं असेल का. मी म्हटलं, असेल बुवा. फोन ठेवला आणि स्वतःची अशी लाज वाटली की ताटावरून तसाच उठलो. शाळेत काहीही झालेलं नाही. ती का गप्प आहे ते मला ठाऊक आहे. फोनवर तू मधेच बोलतेस आणि तेवढ्यात मी पळ काढतो, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुला आठवतं का गं, तुला संग्रहालयात नेणं म्हणजे आमच्या नाकी नऊ यायचे. सहा वर्षांची होतीस. या कपाटापासून त्या कपाटापर्यंत गरागरा फिरायचीस, काचांवर नाक दाबायचीस, आणि प्रश्न तर इतके, की लोक वळून बघायचे. तुझी आई म्हणाली, ही मोठी होईपर्यंत घरीच बरी. मला राग आला. माझ्या लेकीला घरी ठेवायचं म्हणजे काय? मग मी तो खेळ काढला. दालनात पाय टाकला की तोंडाला कुलूप. एका कपाटासमोर उभं राहून मनात वीसपर्यंत मोजायचं, मग पाठ फिरवायची, आणि आत काय काय होतं ते जिन्यात जाऊन सांगायचं. कधी चित्रांतली कुत्री शोधायची, तीही बोट न दाखवता, नुसत्या डोळ्यांनी. आणि कुलूप उघडायची खूण एकच. मी तुझ्या वरच्या बटणाला बोट लावलं, की तू बोलायला मोकळी. शिंप्याच्या घरात दुसरी किल्ली कुठून आणायची!

त्या खेळातच तू ढेरपोट्या सेनापतीला पकडलंस. भिंतभर चित्र, अंगात लाल कोट, मिशा अशा पिळलेल्या. मी ते चित्र पन्नास वेळा तरी पाहिलं असेल. तू जिन्यापर्यंत कशीबशी तोंड मिटून आलीस, गाल लालबुंद, आणि बटणाला बोट लागताच ओरडलीस, की त्याला बटणं सात आहेत पण काजं सहाच! परत जाऊन मोजली. खरंच सहा. पुढे वर्षभर दुकानात माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवलं. एवढा अभिमान मला माझ्या शिवणकामाचाही कधी वाटला नाही.

खारू तुझ्यासारखी नाही. ती मुळातच शांत, आणि खरं सांगू? रागावू नकोस, पण खेळात तुझ्यापेक्षा पक्की आहे. दोन वर्षं आमचा एक रविवार चुकला नाही. दालनात खुर्ची टाकून बसणाऱ्या राखणदार बाई आम्हाला पाहिलं की घड्याळ न बघता वेळ सांगतात. पण गेल्या सहा महिन्यांत मी हरायला लागलो. पाठ फिरवली की समोरचं कपाट पुसल्यासारखं व्हायचं. म्हटलं, वय झालं, चालायचंच. मग हळूहळू परत जिंकू लागलो आणि पोरासारखा खूश झालो. तेव्हा कुठे लक्षात आलं, की कपाटात कंगवा असला की ही बया डोकं खाजवते, चमचा असला की ओठांवरून जीभ फिरवते. सात वर्षांची पोर आजोबा हरू नयेत म्हणून मला उत्तरं सांगत होती. ते कळूनही मी गप्प राहिलो. तुला सांगितलं असतं तर तू रविवार बंद केला असतास, आणि तुझी आई गेल्यापासून आठवड्यात मला दिवस असा तो एकच आहे.

आता मुद्द्याचं. मी तिला नेलं नाही त्याच्या आदल्या रविवारी आम्ही नवा प्रकार खेळत होतो. तिने सेनापतीसमोर उभं राहून चित्र पाठ करायचं. मी शेजारच्या दालनातली एक वस्तू पाहून यायचं. मी येईपर्यंत तिने हलायचं नाही, बोलायचं नाही. शेजारी जुन्या कात्र्या मांडल्यात. बघत राहिलो. मग पलीकडच्या दाराने बाहेर पडलो, जिना उतरलो, खाली बिल्ला देऊन सामान मागितलं. तिथल्या माणसाने माझी पिशवी दिली आणि एक छोटं पिवळं दप्तरही. मी म्हटलं, हे माझं नाही. त्याने परत ठेवलं. मी बसमध्ये जाऊन बसलो, शेजारची जागा रिकामी होती म्हणून तिथे पिशवी ठेवली. भिंगरी, मला काही म्हणजे काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. चौथ्या थांब्यावर एक बाई चढली. तिच्या मुलाच्या कोटाचं वरचं बटण लटकत होतं. मी त्या बटणाकडे बघत बसलो आणि एकदम माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

कसा परत पोचलो ते विचारू नकोस. पाऊण तास झाला होता. खारू तिथेच उभी होती, सेनापतीकडे तोंड करून. राखणदार बाईंनी दोनदा खुर्ची देऊ केली, हिने मानेनेच नाही म्हटलं, तेव्हा त्या खाली कळवायला निघाल्याच होत्या. मी तिच्या बटणाला बोट लावलं, तर ती रडली नाही की ओरडली नाही. विचारलं काय, तर मी जिंकले ना? मी तिला उचलून घेतलं आणि भर दालनात ढसाढसा रडलो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. बसमध्ये मी तिला सांगितलं, की खेळ अजून संपलेला नाही. आज जे झालं ते घरी कुणाला सांगायचं नाही, आईलाही नाही, जो बोलेल तो हरला. आपला थांबा आला तेव्हा माझी बाही ओढून तिनेच मला उतरवलं.

म्हणजे आज नऊ दिवस झाले, पोरगी अजून त्या चित्रासमोरच उभी आहे, आणि तिला तिथे उभं करणारा मी आहे. माझ्या डोक्यातलं काय उसवलंय ते डॉक्टर बघतील. तू सुट्टी काढून मला घेऊन चल, मी कुरकुर करणार नाही. रविवार बंद करायचा तर कर. नाहीतर तूही आमच्याबरोबर ये, माझ्या एकट्याकडे आता तिला सोपवू नकोस, हे मीच सांगतोय. पण त्याआधी एक काम आजच कर. माझ्याकडून उशीर झालाय आणि तिकडे येऊन तिच्या डोळ्यांकडे बघायचं धाडस मला अजून होत नाही. हे पत्र बाजूला ठेव, खारूला जवळ घे, काही विचारू नकोस, तिच्या वरच्या बटणाला नुसतं बोट लाव. तिला सांग, आजोबा हरले.

तुझाच,
बाबा