बिनहिंसेची कंपनी

सांगली

तीर्थस्वरूप आक्कास,

जय जिनेंद्र. धन्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की सुनेला नुसतं बोलतेस?

तुझा वाटा असलेली ब्राह्मीची कंपनी दहा वर्षांची झाली. इंटरनेटवरून व्हिडिओ गेम विकायचे, हा धंदा असतो हेच मला पटत नव्हतं. (पोतं नाही, वजन नाही, मग विकायचं काय, वारं?) पण पोरीनं आपल्या हळदीच्या वखारीत दोन कॉम्प्युटर मांडले, अक्षय्यतृतीयेला पूजा घातली आणि मलाच संचालक केलं. मी एकच अट घातली, जीव मारायचा खेळ आपण विकायचा नाही. तपासणीही मीच करणार म्हटलं.

मग काय विचारतेस! बंदुका गेल्या, तलवारी गेल्या, मासेमारी गेली. शेतीचा एक लय गोजिरा खेळ आला, त्यात बटाटे उपटायचे होते, कंदमूळ म्हणून तोही परत धाडला. (ब्राह्मी म्हणाली, आपली वखार हळदीची, ती काय झाडाला लागते? मी म्हटलं, हळद वाळून येते.) लोक म्हणाले, म्हातारा कंपनी बुडवणार. झालं उलटंच. रक्त न सांडणारं दुकान म्हणून आयाबायांचा विश्वास बसला, आता पार गुवाहाटीची पोरं आमच्याकडनं खेळ उतरवून घेतात. खरं म्हणजे एकेक खेळ करणारा हुडकला पोरीनं, सांभाळला पोरीनं, आणि नाव माझ्या अटीचं सांगितलं. अशी लेक लाखात एक, आक्का. तिच्या तोंडावर मला हे म्हणता येत नाही.

आता गाडं अडलंय. दहिवडीकडच्या मेंढपाळाचा मुलगा धनाजी, मुंबईची नोकरी सोडून आलेला, त्यानं बापाच्या मेंढरांवर खेळ केलाय. माळ, चारा, तळं, सगळं हुबेहूब. पण लांडगा आला की गोफण मारायची, आणि लांडगा मरतो. मी म्हटलं, अट म्हणजे अट. ब्राह्मी म्हणाली, “आप्पा, लांडग्याचा जीव मोजता, मेंढराचा नाही व्हय?” मी चष्मा पुसत बसलो. हा खेळ नाकारला तर ती कंपनी सोडून धनाजीबरोबर वेगळं दुकान काढणार म्हणते. बोलली ते करणारी आहे, तुझ्यावर गेलीय.

तुझा धाकटा,
धन्यकुमार

ता. क. रविवारी सभा आहे. माझा नि ब्राह्मीचा वाटा सारखा, तेव्हा तुझा हात जिकडं, तिकडं निकाल. गाडी पाठवतो, ये.

आणखी ता. क. मी तो खेळ तीनदा खेळलो, गोफणीला हात न लावता. तिन्हीदा कळप संपला. शेवटचं कोकरू लय वेळ ओरडत होतं. सभेत मी विरोधात बोलणार, जोरात बोलणार. तू पोरीच्या बाजूनं हात वर कर. मला गप बसवायला तूच पाहिजेस.

शेवटचा ता. क. चौथ्यांदा गोफण उचलली. सगळी मेंढरं घरी आली. बस्तीत दर्शनाला गेलीस तर कुणाला सांगू नकोस.