न झालेल्या उपासनांबाबत

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
सहागाव ख्रिस्ती मंडळी पंचसमिती,
मुक्काम भूम, जिल्हा उस्मानाबाद.

विषय : मौजे खडकओहोळ येथील रविवारच्या उपासना 'झाल्या' अशी नोंद करणेबाबत.
संदर्भ : अर्जदार बाईंचे मागील तीन अर्ज, आपल्या कचेरीचे एक उत्तर.

महोदय,

श्रीमती अयोध्याबाई शिमोन ओव्हाळ, वय ६७, यांचेतर्फे हा चौथा अर्ज सादर आहे. बाईंना वाचता येते, लिहिता येत नाही. सबब त्यांनी सांगितले तसे लिहिले आहे.

१. खडकओहोळला पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. ओढ्याला पाणी असले की तेही नाही. सन १९३९ पासून बाकीच्या रविवारी बाईंनीच लिंबाखाली माणसे जमवून वचन वाचले, अर्थ सांगितला, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. मंडळीची वही वसंतराव कारकुनांकडे. त्यांनी बावीस वर्षे एकच ओळ लिहिली : "पाळक आले नाहीत. उपासना झाली नाही." स्वतः पहिल्या रांगेत बसून 'आमेन' म्हणत, ते निराळे.

२. घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचा शास्त्रातला दाखला सांगताना बाई विचारीत, "बाप वाटंकडं डोळे लावून बसला, खरं. पण त्या पोराची माय कुठं होती? चुलीपाशी. रोज एक भाकर जास्तीची थापीत होती." बाया पदराने डोळे पुसत. पाळकसाहेब आले की आधी बाईंना मागच्या रविवारचा अर्थ विचारून घेत आणि उभे राहून तोच सांगत. वहीत शेरा : "पाळकांचा उपदेश फार हृदयस्पर्शी." बाई तेव्हा मागे चहा करीत असत.

३. आता मंडळीला पन्नास वर्षे झाल्याने भिंतीत दगड बसणार, त्यावर वचन सांगणारांची नावे येणार. बाईंनी आपले नाव मागितले. उत्तर आले की, उपासनाच झाली नाही त्या दिवशी उपदेश कुठून झाला? निजामाच्या अमदानीपासून अर्ज लिहितो, साहेब, पण यावर लिहिणारानेही कपाळाला हात लावला. आपल्या समितीचे चार पंच याच न झालेल्या उपासनांत लहानाचे मोठे झाले. ते ख्रिस्ताच्या विश्वासात कुठून आले, याचाही खुलासा व्हावा.

४. बाई आता थकल्या. लोहाऱ्याला लेकीकडे निघाल्या आहेत. परत येणे होईलसे वाटत नाही. दगडावर नाव नको म्हणतात. वहीतल्या त्या ओळी दुरुस्त व्हाव्यात, एवढीच विनंती. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "दोघं-तिघं जमले तरी मी तिथं येतो, असं देवानं सांगितलंय. आमी तर तीस-चाळीस जण होतो. तो दर रविवारी येत व्हता. माझी लावा, पण त्याची गैरहजेरी लावू नका."

उत्तराची वाट पाहून दमलेल्या, तरीही आपल्या नम्र,
अयोध्याबाई शिमोन ओव्हाळ
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : पंचाक्षरी, अर्जनवीस, भूम.
दिनांक १२ मार्च १९६२

सोबत : "आम्ही हजर होतो" असे सांगणाऱ्या एकोणचाळीस जणांचे अंगठे व सह्या. पहिली सही वसंतराव कारकुनांची.