साठ लिटर समुद्र

१२ सप्टेंबर

आलो एकदाचा कालिम्नोस बेटावर! अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बारा तासांची बोट, त्यातले अकरा तास मी कठड्याला मिठी मारून उभा होतो. आम्ही मैदानातल्या कार्दित्साची माणसं. आमच्याकडे पाणी फक्त कापसाच्या शेतात सोडतात, आणि ते गुडघ्याच्या वर येत नाही.

बदली मास्तर म्हणून सहा वर्षांतलं हे सहावं गाव. जीवशास्त्र शिकवायचं आणि जूनमध्ये गाशा गुंडाळायचा. पण खोली यंदा झकास मिळाली. बंदराच्या वर, चढावर, निळ्या दाराचं घर. खाली घरमालकीण कीरा, म्हणजे बाई, थेमेलिना, वर मी. बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. माझं लग्न का झालं नाही, हे त्यांनी उंबऱ्यातच विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढ्यात अंजिरांची बशी ठेवली.

यंदा एक ठरवून आलोय. दुपारी घरी परतलं की आपली वाट पाहणारं काहीतरी जिवंत असलं पाहिजे. रिकाम्या खोलीचं कुलूप उघडायचा मला मनापासून कंटाळा आलाय. कुत्रा घरमालकांना चालत नाही, बायकांना मी चालत नाही. म्हणून प्रवाळाची टाकी घेतली, खाऱ्या पाण्याची, साठ लिटरची. नवशिक्यांसाठीचं पुस्तकही आहे. टाकी जूनमध्ये कशी हलवायची ते त्यात लिहिलेलं नाही, पण ते जूनमध्ये बघू.

१७ सप्टेंबर

टाकी बसवली. उन्हापासून दूर, भक्कम टेबलावर, चारी कोपरे पातळीत. वाळू सात वेळा धुतली. क्षार काढलेल्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवलं, हीटर लावला, लाटांचा पंप सुरू केला. खोलीत आवाज झाला. किती बरं वाटलं!

शाळेतला कसरतीचा मास्तर सकेलारिस मिठाची गोणी वर आणायला मदतीला आला होता. तो इथलाच. माझा उद्योग पाहून हसता हसता पायरीवर बसला. म्हणाला, मास्तर, काखेत कळसा नि गावाला वळसा! खिडकीतून बादली सोड की, खाली अख्खा समुद्र पडलाय. मी सांगितलं, बंदराच्या पाण्यात डिझेल असतं. त्यावर तो म्हणाला, मग मासे जोरात पळतील.

पुस्तकातली एक गोष्ट आवडली. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून काचेवर खूण करायची आणि रोज तिथवर गोडं पाणी घालायचं. माझ्या टाकीला रोज दोन पेले लागतात. रोज कुणालातरी पाणी पाजायचं आहे, एवढ्यानंही दिवसाला आकार येतो.

५ ऑक्टोबर

अथेन्सहून मागवलेला जिवंत खडक अडकलाय. वारा सुटला की बोटी बंद. त्या खडकाच्या भोकांमध्ये राहणारे जंतूच पाणी माशांच्या लायकीचं करतात, तो आल्याशिवाय मासे आणणं म्हणजे त्यांना विष पाजणं. तोवर मी नुसत्या पाण्यापुढे खुर्ची टाकून बसतो.

इथे तीन ते साडेपाच सगळं गाव झोपतं. त्या वेळात मोठ्यानं शिंकलं तरी लोक नाराज होतात. मला झोप येत नाही. त्यात कीरा थेमेलिना मोतीबिंदू काढायला लेकीकडे पिरेअसला गेल्या. जाताना सूचनांची सरबत्ती. तुळशीला पाणी घाल, शटर बंद ठेव, आणि पाऊस आला तर दारामागच्या दगडावर मेणकापड टाक. दगड म्हणजे संगमरवराची चपटी लादी, पोळपाटापेक्षा थोडी लांब, एका टोकाला भोक. दार अडवायला ठेवलेली दिसते. दगडाला पावसाची कसली भीती? म्हाताऱ्यांचे चोचले!

१८ ऑक्टोबर

खडक आला! दोनच तुकडे, मुठीएवढे, नाक धरावं असा वास. त्यांना टेकायला काहीतरी रुंद हवं. दुसरी बोट कधी येईल कोण जाणे. मग आठवण झाली ती खालच्या लादीची. संगमरवर म्हणजे निव्वळ चुनखडी, प्रवाळांच्याच गोत्रातला. बाई परतायच्या आत काढून, पुसून जागेवर ठेवीन.

घासून धुतली. काच फुटू नये म्हणून भोकातून दोन मीटर नायलॉनची दोरी ओवून अलगद खाली सोडली. दोरी सोडवली नाही, वरचं टोक टेबलाच्या पायाला बांधलं, म्हणजे काढायला सोपं. लादी वाळूवर इतकी नीट बसली की जणू तिचीच जागा होती.

९ नोव्हेंबर

पाणी तयार! तपासणीत अमोनिया शून्य. शेजारच्या कोस बेटावरच्या दुकानातून चार गोगलगाई आणि दोन केशरी क्लाऊनफिश आणले. मी आलो की दोघं काचेशी येतात. मी त्यांना शाळेतलं सगळं सांगतो. हसायचं त्यानं हसावं.

एक नोंद. आठवडाभर पाणी घालावं लागलेलं नाही. आज तर ते खुणेच्या वर आहे, बोटभर. मी थेंबही घातलेला नाही.

१३ नोव्हेंबर

गोगलगाई पाण्याबाहेर येऊन काचेच्या कडेला चिकटल्यात. पाणी दोन बोटं वर. दुपारी दोरी थरथरत होती. पंपामुळे असेल म्हणून पंप बंद केला. तरी थरथरत होती.

सकेलारिस कॉफीला आला. टाकीत डोकावला आणि कप खाली ठेवला. त्याला न हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं विचारलं, हा दगड कुणाला विचारून भिजवलास? मग सांगितलं. पूर्वी समुद्रातले स्पंज काढणारे पाणबुडे असा दगड छातीशी धरून तळाला जात. नावेवरचा सोबती त्या दगडाचा दोर धरून बसे. थेमेलिनाचा बाप मिकेस असाच आफ्रिकेच्या किनाऱ्याला, बेनगाझीसमोर उतरला, तेव्हा ती पाच वर्षांची होती. दोर ओढला तर नुसता दगड वर आला. असा दगड घरात आणतात आणि पुन्हा कधी ओला होऊ देत नाहीत. दगड पाण्यात गेला म्हणजे बुडी अजून संपलेली नाही.

काढ तो, आत्ताच्या आत्ता, म्हणाला. पण स्वतः हात लावला नाही. कॉफी तशीच टाकून गेला.

१४ नोव्हेंबर

काढायला गेलो. दोरी ओढली. ती आली, दगड हलला नाही. आणखी ओढली. आणखी आली. दोन मीटर विकत घेतली होती मी. आता जमिनीवर तीन वाव पडलीय, दोन्ही हात पसरून मोजली. दगड तिथेच. दोर ताठच.

कीरा थेमेलिनांना फोन करून सगळं कबूल केलं. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, दोर ताठ आहे की सैल? ताठ आहे म्हटल्यावर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, सोडू नकोस रे पोरा. त्या दिवशी दोर माझ्या मामाच्या हातात होता, त्याचा जरा डोळा लागला. मग खुणा सांगितल्या. खालून एक हिसका म्हणजे, मला ओढा. नावेवरून तीन हिसके म्हणजे, बस झालं, वर ये. पहिल्या बोटीनं येते म्हणाल्या. पण बोटी बंद आहेत.

१५ नोव्हेंबर

शाळेत गेलो नाही. अकरा वाव. आता येतोय तो माझा नायलॉन नाही. काथ्याचा आहे, काळा, डांबराच्या वासाचा. खोलीभर त्याची ओली वेटोळी. मासे दिसत नाहीत. साठ लिटरमध्ये दोन मासे हरवतात कुठे—

दोर कापता येईल. सुरी समोर आहे. पण त्या टोकाला कुणीतरी आहे.

१६ नोव्हेंबर

सकाळी एक हिसका. स्पष्ट.

ओढतोय. एकोणतीस वाव. हात सोलले. कान दुखतात, आतून कुणी अंगठे दाबतंय असे. भीती वाटते, खूप वाटते. तरी हे लिहायला हवं— सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भरवशावर आहे.

१७ नोव्हेंबर, दुपार

अडतीस. आता येत नाही. खोलीतला उजेड हिरवा झालाय. पंपाचा आवाज नाही, रस्त्याचा नाही.

सकेलारिस दाराच्या काचेशी आलाय. ओठ हलतात. ऐकू येत नाही. दार चार पावलांवर आहे, पाय जड—

हिसका. एक. दोन. तीन.

तीन तर नावेवरून देतात. म्हणजे नाव तिकडे आहे. त्या टोकाला. मग मी कुठे—

मला वाटत होतं, वर मी आहे.

पुन्हा तीन. हळू. न थकता. वर कुणीतरी जागं आहे, माझ्यासाठी. इतकी वाट माझी कुणी कधी पाहिली नव्हती.

दोर कमरेला बांधला. छाती भरून घ्यायची की सगळा श्वास सोडून द्यायचा, हे तेवढं विचारायचं राहि—