रिव्हर्स न टाकता घरी

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या दोन्ही पायांवर (उजव्यावर जरा जपून) तुमच्या एकुलत्या एक जावयाचा साष्टांग नमस्कार.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि फोन दरवेळी तुमची लेकच उचलते. तिच्याशी माझं बोलणं 'जेवलीस का, हो जेवलो' याच्या पुढे काही सरकत नाही. म्हणून म्हटलं, तब्येतीची चौकशी सविस्तर लिहूनच करावी. तर घोटा कसा आहे? प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, काठीही सुटली, हे कळलं. परवा तर तुम्ही एकट्या जिना उतरून भाजी आणलीत आणि वर भाजीवाल्याशी भांडून आलात म्हणे. ऐकून जीव भांड्यात पडला. भांडण उभ्यानेच झालं ना? बराच वेळ चाललं का? नंतर ठणका वगैरे? मी आपलं सहज विचारतोय. प्लास्टर निघालं की लेक परत येईल असं जे ठरलं होतं, त्याचा या चौकशीशी काडीचाही संबंध नाही. तिला राहू द्या हवं तेवढं. इथे माझं काही अडत नाही. चहात मीठ एकदाच पडलं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पायासाठी आम्ही तिघे मित्र देवाला जाऊन आलो. (हे तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही 'माझ्या पायासाठी तुमचे पाय कशाला मोडता' म्हणून हाणून पाडलं असतंत.) लांबच्या डोंगरावरचा हा देव हाडांच्या दुखण्याला पावतो अशी त्याची ख्याती आहे. गाडी मास्तरांची. मास्तर म्हणजे आमच्या चौकातले ड्रायव्हिंग स्कूलवाले. त्यांच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तिथे मी. मागच्या सीटवर कंपाउंडर, म्हणजे दवाखान्यात औषधं देतो तो. त्याचा देवावर विश्वास नाही, पण दवाखान्याला सुट्टी होती आणि त्याच्याकडे पाहुणे यायचे होते. त्याचं म्हणणं, एवढ्या पायऱ्या चढून जो वर पोचतो त्याची हाडं मुळातच ठणठणीत असतात, त्यात देवाचं कसलं कौतुक! मास्तरांनी त्याला गप्प बसवलं. दर्शन झकास झालं. तुमच्या घोट्याचं काय ते मी देवाच्या कानावर घातलं. (याबद्दल थोडं शेवटी लिहितो.)

घोळ उतरताना झाला. आम्ही चार पायऱ्या उतरलो नाही तोच वरून पुजारी ओरडले. वारा सुसाट होता. मास्तरांना आणि मला एवढंच ऐकू आलं की 'मागे वळून पाहू नका, सरळ घरी जा.' मास्तर जागच्या जागी थिजले. म्हणाले, हा संकेत आहे, घरी पोचेपर्यंत कुणीही मागे बघायचं नाही, बघितलंत तर सासूबाईंचा पाय गेला म्हणून समजा. आता पाय तुमचा, मी धोका कसा पत्करणार? खाली फुलं विकणाऱ्या एका बाई होत्या. त्यांना मास्तरांनी खोदून खोदून विचारलं, की असं व्रत नक्की संपतं कधी. त्या माउलीने फुलं बांधता बांधता ठणकावून सांगितलं, घरच्या माणसाने आतून दार उघडलं की संपलं. त्यांना खरंच असं काही ठाऊक होतं, का आम्ही तिथून टळावं म्हणून त्या बोलल्या, देव जाणे. कंपाउंडर काहीतरी सांगू बघत होता, पण सकाळच्या अनुभवावरून आम्ही ठरवलं होतं की देवाच्या बाबतीत त्याचं ऐकायचं नाही.

आई, तुम्ही कधी मागे न बघता गाडीतून प्रवास केला आहे का? तुम्ही केला असेल, तुम्ही झोपता. पण मास्तरांनी उभा जन्म 'आधी आरसा बघ, मग इशारा दे' हे एकच वाक्य शिकवण्यात घालवला आहे. त्या माणसाने मधल्या आरशाला स्वतःच्या हाताने रुमाल बांधला आणि बाहेरचे दोन्ही आरसे दुमडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पुढे घाट लागला, आणि एक नवीनच पंचाईत उभी राहिली. घाटातला रस्ता साताठ वेळा उलटा वळतो, आणि प्रत्येक वळणावर मागे राहिलेलं देऊळ बरोब्बर समोर येतं! आता समोर दिसणारं देऊळ बघणं म्हणजे मागे बघणं होतं की नाही? मास्तर म्हणाले, 'होतं.' आणि देऊळ समोर आलं की ते नजर खाली घालू लागले. गाडी चालवणाऱ्या माणसाने घाटात नजर खाली घातली की शेजारच्याचं काय होतं हे मी लिहीत नाही, तुमचं वय झालं आहे. माझ्यापुढे ब्रेक होता म्हणून तुमची लेक आज सधवा आहे. मी तो एवढा दाबला की माझाच घोटा सुजला.

घाट संपला तर एका अरुंद गल्लीत समोरून पाण्याचा टँकर आला. कुणीतरी मागे घ्यायला हवं. रिव्हर्स टाकणं म्हणजे मागे जाणं आणि मागे जायचं तर मागे बघणं आलंच, त्यामुळे मास्तर ढिम्म. टँकरवाला शिव्या देत खाली उतरला आणि एकदम ओशाळून वाकला, कारण तो निघाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी. रिव्हर्स जमत नाही म्हणून मास्तरांनी एके काळी त्याला चारचौघांत रडवलं होतं. तो बिचारा काही न विचारता एवढं मोठं धूड सरळ रेषेत थेट हमरस्त्यापर्यंत मागे घेत गेला आणि मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. एवढा सुंदर रिव्हर्स मी जन्मात घेतला नाही, असं ते दोनदा म्हणाले.

पेट्रोल पंपावर कंपाउंडर 'आलोच' म्हणून उतरला. पेट्रोल भरून झालं, दार वाजल्यासारखं वाटलं, आम्ही निघालो. मागच्या सीटवर बसलेला माणूस मागेच असतो, तो आहे की नाही हे वळून बघायची आम्हाला सोय नव्हती. गप्पा सुरू होत्या. मी त्याला दोन-तीनदा काही विचारलं, उत्तर नाही. मास्तर म्हणाले, रुसला असेल, देवाधर्मावरून फार बोललो त्याला. मग आम्ही दोघांनी मिळून त्याची समजूत काढायला सुरुवात केली. त्याचे गुण सांगितले. तो नास्तिक असला तरी मनाने कसा सोनं आहे, इंजेक्शन देताना हात कसा हलका, असं भरभरून बोललो. आई, इतकं चांगलं आम्ही एकमेकांबद्दल आजवर कधीच बोललो नव्हतो, आणि ते सगळं आम्ही रिकाम्या सीटला सांगितलं! या कौतुकाच्या नादात आमच्या गावाचं वळण हुकलं. परत फिरायचं नाही, म्हणून पुढल्या गावावरून मोठा वळसा पडला.

शेवटी आमच्या गावाच्या वेशीवर पोचलो तर रस्त्याच्या कडेला कंपाउंडर हाताची घडी घालून उभा! दुधाच्या गाडीने आमच्या आधी पोचला होता. मास्तरांना पहिला आनंद काय झाला, तर तो समोर दिसला, मागे नाही. पण कंपाउंडरच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पुजारी वरून ओरडले तेव्हा तो सगळ्यात मागे, म्हणजे त्यांच्या अगदी जवळ होता. त्याने नीट ऐकलं होतं. ते म्हणाले होते, 'शेवाळ आहे, पायऱ्या निसरड्या आहेत, मागे वळून पाहू नका, पडाल. सरळ घरी जा, पाऊस येतोय.' बस्स! एवढंच! मास्तरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आरशाचा रुमाल सोडला, त्यानेच स्वतःचं नाक पुसलं आणि तो परत बांधला. म्हणाले, आता दोन गल्ल्यांसाठी कशाला मोडायचं. कंपाउंडरही मुकाट्याने आत बसला. मीही पुढेच बघत राहिलो.

मास्तरांचं दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि उघडल्या उघडल्या तोंडसुख घेतलं, म्हणजे व्रत यथासांग संपलं. कंपाउंडरचं दार त्याच्या वडिलांनी उघडलं, कोण हा म्हणून विचारलं आणि पुन्हा लावून घेतलं, पण उघडलं तर खरं. राहिलो मी. अर्ध्या गावाची कुलुपं मी उघडतो, लोक हरवलेल्या किल्ल्यांसाठी माझ्या दुकानापुढे रांग लावतात. आणि मी माझ्याच दारापुढे, खिशात किल्ली घेऊन, पायरीवर बसलो होतो. शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, किल्ली हरवली का, आणि तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला माहीत आहे पुजारी काय म्हणाले ते. व्रतबित काही नव्हतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. किल्ली काढली, कुलपात घातली सुद्धा. पण ती फिरवली की आत काय असणार, तर मीच सकाळी उलटा ठेवून गेलेला कप. नाही फिरवली. तेव्हापासून दुकानातच मुक्काम आहे. कानशी आणि किल्ल्यांच्या मधे पथारी पसरतो. ऐसपैस आहे, तुम्ही काळजी करू नका.

बाकी सर्व क्षेम. पायाला जपा. भाजीवाल्याशी भांडणं बसून करत जा.

तुमचा आज्ञाधारक,
कुलूपवाले जावई

ता. क. देवापुढचं लिहायचं राहिलं. नमस्कार करून मी डोळे मिटले आणि सासूबाईंचा घोटा असं मनाशी घोकतच होतो, पण तोंडातून निघून गेलं, 'हिला घरी आण बाबा.' घोट्याचं नाव निघालंच नाही. तेव्हा पाय बरा झाला असेल तर त्याचं श्रेय मला देऊ नका. आणि दुखत असेल तर दोष माझाच.

ता. क. २. पाकिटात एक किल्ली आहे. नव्या कुलपांची चाचणी मी घरच्याच दारावर करतो, त्यामुळे तिच्याकडची जुनी किल्ली आता लागणार नाही. ही लागेल. तिला द्या. मी बोलावलंय असं मात्र सांगू नका. तुमच्याच मनात आलं म्हणून सांगा, की जा आता, माझं मी बघते.

ता. क. ३. नको. मीच बोलावलंय असं सांगा. फार बोलावलंय असं सांगा. करमत नाही हो आई मला, खरंच करमत नाही. आणि तुम्हाला एकटीला ठेवून तिचा पाय निघणार नसेल तर तुम्हीही या, पुढची खोली तुमची. फक्त एवढं करा, आल्या आल्या आत जाऊन दार लावून घ्या आणि दुकानात निरोप धाडा. मग मी येऊन माझ्याच घराची बेल वाजवीन. तिला म्हणावं, लगेच उघडू नकोस. आधी आतून 'कोण आहे?' असं विचार. फार दिवसांत मला ते कुणी विचारलेलं नाही.